जड अणू आणि अडलेला उजेड



टेबलावर तीन बाटल्या ठेवल्या आहेत. तिन्हींत पाणी, थोडा खाण्याचा सोडा आणि किंचित रंग आहे. पहिलीत फ्लोरेसिन. बुबुळावर ओरखडा पडला आहे का हे बघायला डोळ्यांचे डॉक्टर जी नारिंगी पट्टी लावतात, तिच्यातला हा रंग. दुसरीत इओसिन. पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये काचपट्टीवरचा काप गुलाबी होतो तो याच्यामुळे. तिसरीत एरिथ्रोसिन, म्हणजे आइस्क्रीमवरच्या लालभडक चेरीचा रंग. आता हॉलचे दिवे मालवून, नोटा तपासायला दुकानदार वापरतात तो जांभळा टॉर्च तिन्हींवर धरतो. पहिली बाटली हिरवीगार पेटली, हे मागच्या रांगेतूनही दिसले असेल. दुसरी पिवळसर हिरवी आहे, पण बरीच मंद. तिसरी जवळजवळ गप्पच.

तिन्ही रेणूंचा सांगाडा एकच आहे. फ्लोरेसिनवर ठरावीक चार जागी हायड्रोजन असतो. त्या चार जागी ब्रोमीन बसवला की इओसिन होते आणि त्याच चार जागी आयोडीन बसवला की एरिथ्रोसिन. बाकी काही बदललेले नाही. एरिथ्रोसिनच्या वजनात निम्म्याहून जास्त आयोडीनच असते. सोडा घातलेल्या पाण्यात फ्लोरेसिन गिळलेल्या शंभर प्रकाशकणांपैकी नव्वदच्या वर परत देते, एरिथ्रोसिन दोन-तीन देते. हायड्रोजनचा अणुक्रमांक १, ब्रोमीनचा ३५, आयोडीनचा ५३. अणू जड होत गेला तसा उजेड गेला.

एवढ्यावरून जड अणू उजेडाचा वैरी आहे असा निष्कर्ष निघतो, आणि बरीच वर्षे तसाच समज होता. आज तुमच्या खिशातल्या मोबाइलचा पडदा ओएलईडी असेल, तर त्यातला लाल आणि हिरवा उजेड इरिडियम नावाच्या, आयोडीनहूनही जड असलेल्या धातूच्या मेहेरबानीने येतो. एकाच गुणाने एकीकडे दिवा विझतो आणि दुसरीकडे लागतो. हे कसे, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय. ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, ते जन्मभर शाळेत विज्ञान शिकवत राहिले. त्यामुळे थोडे फळ्यावरचे बोललो तर तुम्ही समजून घ्याल.

इलेक्ट्रॉनला स्पिन नावाचा एक गुण असतो. त्याला दोनच दिशा: वर किंवा खाली. सेंद्रिय, म्हणजे कार्बनाच्या सांगाड्याच्या रेणूत इलेक्ट्रॉन बहुधा जोडीने राहतात आणि जोडीतल्या दोघांचे स्पिन उलट असतात. रेणूने प्रकाश गिळला की जोडीतला एक वरच्या पातळीवर जातो. जाताना त्याचा स्पिन बदलला नाही, तर त्या अवस्थेला सिंगलेट म्हणतात. तिथून खाली यायला त्याला आडकाठी नसते. काही नॅनोसेकंदांत तो खाली येतो आणि येताना उजेड देतो. हा फ्लोरोसन्स. पण वर असताना त्याचा स्पिन उलटला, तर ती ट्रिप्लेट अवस्था झाली. आता खाली त्याच्या जोडीच्या जागेवर त्याच्याच स्पिनचा इलेक्ट्रॉन आहे आणि दोन सारख्या स्पिनचे इलेक्ट्रॉन एका जागी राहू शकत नाहीत, हा पाउलीचा नियम. खाली यायचे तर आधी स्पिन पुन्हा उलटायला हवा. प्रकाशाच्या विद्युत क्षेत्राला स्पिन उलटवता येत नाही. म्हणून तो वरच अडकतो, मिलिसेकंद, कधी कधी पुरते सेकंद. या मुक्कामात रेणू शेजाऱ्यांना धडकतो, थरथरतो, आणि ती ऊर्जा उष्णता होऊन संपते. फार थंडीत, रेणू जागच्या जागी गोठवला, तर मात्र तो रेंगाळलेला उजेड शेवटी बाहेर येतो. हा फॉस्फोरेसन्स. त्याचा उगम ट्रिप्लेट अवस्थेत आहे हे गिल्बर्ट लुईस आणि मायकेल काशा यांनी १९४४ मध्ये बर्कलीत मांडले. त्याआधी या मंद उजेडाचे खापर भलत्याच गोष्टींवर फुटत असे.

आता जड अणूचे काम. जड केंद्रकाचा विद्युतभार मोठा असतो, त्यामुळे त्याच्या जवळून जाणारा इलेक्ट्रॉन फार वेगाने फिरतो. इलेक्ट्रॉनच्या जागी बसून पाहिले, तर तो धनभारित केंद्रकच आपल्याभोवती गरगर फिरताना दिसेल. फिरणारा विद्युतभार म्हणजे चुंबकीय क्षेत्र. हे तर इथल्या, नागपूरजवळच्या कोराडीच्या, पॉवर हाऊसमध्ये जनरेटरवर काम केलेल्यांना मी सांगायला नको. हे क्षेत्र इलेक्ट्रॉनच्या स्पिनला ओढते. भ्रमण आणि स्पिन मग एकमेकांपासून स्वतंत्र राहत नाहीत, आणि शुद्ध सिंगलेट, शुद्ध ट्रिप्लेट असेही काही उरत नाही. प्रत्येकात दुसऱ्याचा थोडा अंश मिसळतो. स्पिन उलटायला बंदी होती, ती सैल होते. जड अणू करतो ते एवढेच. तो ऊर्जा आणत नाही, आणि बहुतेक वेळा स्वतः चमकतही नाही. तो नियम ढिला करतो आणि बाजूला होतो. पुढे उजेड पडेल की उष्णता होईल, हे नियम ढिला होण्यावर ठरत नाही. ते ठरते पुढच्या वाटेवर. आज मला जे सांगायचे आहे ते हेच.

याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा डांबरगोळीत आहे. डांबरगोळी म्हणजे नॅफ्थलीन. डोनाल्ड मॅक्क्लूर यांनी १९४९ मध्ये नॅफ्थलीनच्या एका ठरावीक जागी एकेक हॅलोजन बसवून, गोठवलेल्या स्थितीत ट्रिप्लेटचा मुक्काम मोजला. साधे नॅफ्थलीन अडीच सेकंदांच्या आसपास. फ्लोरीन लावला की दीड सेकंद. क्लोरीन लावला की ०.३ सेकंद. ब्रोमीनला ०.०१८ आणि आयोडीनला ०.००२५ सेकंद. एका अणूच्या अदलाबदलीत मुक्काम हजारपट कमी झाला.

याच रेणूंच्या उजेडाचा हिशेब मला त्याहून बोलका वाटतो. द्रव नायट्रोजनच्या थंडीत साधे नॅफ्थलीन गिळलेल्या शंभर कणांपैकी सुमारे ५५ फ्लोरोसन्स म्हणून परत देते आणि ५ फॉस्फोरेसन्स म्हणून. क्लोरीन लावल्यावर फ्लोरोसन्स ६ वर उतरतो आणि फॉस्फोरेसन्स ३० वर चढतो. आयोडीन लावल्यावर फ्लोरोसन्स मोजण्यापलीकडे जातो आणि फॉस्फोरेसन्स ३८ होतो. म्हणजे एका खात्यातले पैसे दुसऱ्यात गेले, हे खरे. पण बेरीज करून पाहा. साध्या नॅफ्थलीनचे एकूण ६०, आयोडीनवाल्याचे ३८. कारण उघड आहे: ढिला झालेला नियम उजेडाच्या वाटेला जसा लागू होतो, तसाच उष्णतेच्या वाटेलाही होतो. ‘जड अणूने फॉस्फोरेसन्स वाढतो’ हे पाठ्यपुस्तकातले वाक्य खरे आहे, पण ते अर्धे आहे, आणि परीक्षेत मुले तेवढेच लिहितात.

जड अणू रेणूत बसवायलाच हवा असेही नाही. काशांनी १९५२ मध्ये दाखवलेला प्रयोग कुठल्याही कॉलेजात करता येईल. क्लोरोनॅफ्थलीन हा बिनरंगी द्रव. एथिल आयोडाइड हाही बिनरंगी. दोन्ही एकत्र ओतले की मिश्रण पिवळे होते. रासायनिक क्रिया झालेली नसते. शेजारच्या रेणूतला आयोडीन नुसता जवळून गेल्याने बंदी सैल झाली, आणि जो प्रकाश एरवी गिळला जात नव्हता तो थोडा गिळला जाऊ लागला. केवळ शेजाराने रंग आला.

मग टेबलावरच्या चेरीच्या रंगाचे काय झाले? खोलीतल्या उबेत, पाण्यात, ट्रिप्लेटच्या वाटेने गेलेली ऊर्जा उजेड होऊ शकली नाही, पण ती साधी वायाही जात नाही. बरीचशी पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनला मिळते, आणि ऑक्सिजनची एक अत्यंत तापट अवस्था तयार होते. एरिथ्रोसिनचाच भाऊबंद रोझ बेंगाल. त्यावर चार आयोडीन आणि चार क्लोरीन असतात. तो पाण्यात गिळलेल्या शंभर कणांपैकी पंचाहत्तरच्या आसपास या कामाला लावतो. प्रकाशाने जंतू आणि गाठी मारण्याच्या उपचारांवर जे संशोधन होते, त्यात या रंगांना मागणी आहे ती यासाठीच. दिवा म्हणून नापास झालेला रेणू औषध म्हणून पास होतो.

आता विजेकडे येऊ. कोराडीच्या पॉवर हाऊसचा पहिला संच १९७४ मध्ये सुरू झाला. आज तिथे ६६० मेगावॅटचे तीन मोठे संच आहेत. त्या विजेचा एक भाग दिव्यांत आणि पडद्यांत जातो. सेंद्रिय पदार्थाच्या पातळ थराला वीज देऊन उजेड काढायचे व्यवहार्य तंत्र, म्हणजेच ओएलईडी, चिंग टांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी कोडॅक कंपनीत १९८७ साली दाखवले. त्यात एक अडचण मुळातच होती. प्रकाश गिळून रेणू उत्तेजित झाला तर तो आधी सिंगलेटमध्ये जातो. पण वीज देऊन उत्तेजित केला तर एका बाजूने इलेक्ट्रॉन येतो, दुसऱ्या बाजूने त्याची रिकामी जागा येते, आणि दोघांचे स्पिन कसेही असू शकतात. चार शक्यतांपैकी एक सिंगलेट, तीन ट्रिप्लेट. साधा सेंद्रिय रेणू फक्त सिंगलेटचा उजेड देतो. म्हणजे चार वॅगन कोळसा यावा आणि त्यातल्या तीन न जळताच राखेच्या तळ्यात ओताव्यात, तसा हा कारभार. २५ टक्क्यांच्या पुढे जाण्याची सोय नाही, कारागिरी कितीही सुधारा.

इथे जड अणू कामाला आला. स्टीफन फॉरेस्ट आणि मार्क थॉम्पसन यांच्या गटांनी १९९८ मध्ये प्लॅटिनमचा पॉर्फिरिन नावाचा कड्यासारखा रेणू थरात मिसळून ट्रिप्लेटचा लाल उजेड काढला आणि १९९९ मध्ये इरिडियमचा हिरवा. २००१ पर्यंत आतली कार्यक्षमता शंभराच्या जवळ नेली गेली. नॅफ्थलीनला द्रव नायट्रोजन लागत होता, इथे खोलीचेच तापमान पुरले. कारण मुक्काम आता मिलिसेकंदांचा राहिला नाही. इरिडियमच्या हिरव्या रेणूत तो एक-दोन मायक्रोसेकंदांवर आला, आणि उष्णतेच्या वाटेला पोचायच्या आत उजेड निघून गेला.

यात एक गंमत आहे, आणि तिच्यावर थोडे थांबायला हवे, कारण जडपणाची भोळी समजूत तिथे मोडते. प्लॅटिनम (७८) इरिडियमपेक्षा (७७) एका क्रमाने जड. तरीही त्या प्लॅटिनम पॉर्फिरिनमध्ये ट्रिप्लेटचा मुक्काम शंभर मायक्रोसेकंदांच्या घरात असतो, म्हणजे इरिडियमच्या कित्येक पट. शिवाय आयोडीन या दोघांपेक्षा बराच हलका असूनही भ्रमण-स्पिन जोडणीचा त्याचा आकडा दोघांहून मोठा आहे: आयोडीन ५०६९, प्लॅटिनम ४४८१, इरिडियम ३९०९, आणि तुलनेला कार्बन ३२. कागदी सूत्रात ही जोडणी अणुक्रमांकाच्या चौथ्या घाताने वाढते. खऱ्या अणूत आतले इलेक्ट्रॉन केंद्रकाला झाकतात, त्यामुळे क्रम असा मागेपुढे होतो. मग इरिडियम का जिंकतो? कारण उत्तेजित अवस्थेतला इलेक्ट्रॉन इरिडियमच्याच कक्षेतून निघून शेजारच्या कार्बनी भागात गेलेला असतो. धातू त्या व्यवहारात स्वतः सामील असतो. प्लॅटिनम पॉर्फिरिनमध्ये सगळा खेळ बाहेरच्या कड्यावर चालतो आणि प्लॅटिनम मधोमध बसून दुरून ओढतो. आयोडीन तर रेणूच्या टोकाला लटकलेला. किती जड, यापेक्षा कुठे बसला आहे, याला जास्त किंमत आहे.

आपल्या नागपुरात हा विषय तिसऱ्याच बाजूने हाताळला गेला. कामठीचे खाणमालक डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्रात नागपूर विद्यापीठाला मोठी देणगी ठेवली आणि त्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. मँगनीजच्या जड खनिजातला पैसा असा विज्ञानात आला. या संस्थेतल्या एन. तेजो कल्याणी आणि नागपूर विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातले संजय ढोबळे यांनी युरोपियमच्या सेंद्रिय संयुगांवर बरेच काम केले, आणि ओएलईडीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक २०१७ मध्ये आले. युरोपियमचा क्रमांक ६३. इथे मात्र जड अणू बाजूला होत नाही, स्वतः चमकतो. भोवतीचे सेंद्रिय रेणू अतिनील प्रकाश गिळतात, त्यांची ऊर्जा ट्रिप्लेटमधून युरोपियमला मिळते आणि युरोपियम ६१२ नॅनोमीटरच्या आसपास एक बारीक, शुद्ध लाल रेघ देतो. सॅम्युएल वाइसमन यांनी १९४२ मध्ये हे पहिल्यांदा दाखवले होते. म्हणजे इरिडियममध्ये जी ट्रिप्लेट अवस्था उजेड देते, ती युरोपियममध्ये फक्त निरोप पोचवते.

नागपूरच्या गटाने २०१२ मध्ये या संयुगात युरोपियमचा काही भाग काढून यट्रियम किंवा टर्बियम घातला, तो ॲक्रिलिक प्लास्टिकमध्ये मिसळला, आणि लाल उजेड वाढल्याचे नोंदवले. महाग युरोपियम कमी करून उजेड वाढतो, ही व्यवहाराची गोष्ट आहेच. पण माझ्या मुद्द्याला ती आणखी एका कारणाने जवळची. यट्रियमचा क्रमांक अवघा ३९. तो युरोपियमपेक्षा बराच हलका आहे आणि दृश्य उजेड स्वतः देत नाही. तरी तो आला आणि उजेड वाढला, कारण त्याच्याभोवतीचे सेंद्रिय रेणू गोळा केलेली ऊर्जा शेजारच्या युरोपियमकडे सरकवतात.

मग मोबाइलमध्ये युरोपियम का नाही? त्याचा रंग इरिडियमच्या लालपेक्षा शुद्ध आहे. अडचण पुन्हा मुक्कामाची. युरोपियम उत्तेजित झाला की अर्धा-एक मिलिसेकंद तसाच राहतो. वीज वाढवली की सगळे अणू आधीच भरलेले असतात आणि नव्याने येणारी ऊर्जा फुकट जाते. प्लास्टिकच्या लाल चकतीला, खुणेला, नोटेवरच्या गुप्त छापाला ते उत्तम. भरपूर प्रकाश मागणाऱ्या पडद्याला इरिडियमच बरा.

इरिडियम दुर्मिळ आहे हे खरे. जगभरात वर्षाला सात-आठ टन निघतो, तोही बहुतेक दक्षिण आफ्रिकेत, प्लॅटिनमच्या खाणीत उपउत्पादन म्हणून.   पण पडद्यात लागतो तो किती? तीस नॅनोमीटरचा थर, त्यात आठ टक्के इरिडियमचा रेणू, आणि त्या रेणूत तीसेक टक्के धातू. हाताच्या तळव्याएवढ्या पडद्याला मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागाएवढा. निर्वातात थर चढवताना वाया जातो तो याहून कितीतरी जास्त. माझ्या मते काळजी करायची तर पडद्यापेक्षा कारखान्यातल्या या नासाडीची करावी.

खरा अडलेला प्रश्न निळ्याचा आहे. निळ्या कणाची ऊर्जा लालपेक्षा जवळजवळ दीडपट. ट्रिप्लेट अवस्थेतले दोन निळे रेणू मायक्रोसेकंदभर जरी शेजारी राहिले, तरी एकाची ऊर्जा दुसऱ्यावर लादली जाते आणि त्या दुप्पट ऊर्जेने रेणूचे बंधच तुटतात. म्हणून बाजारातल्या पडद्यांत लाल आणि हिरवा जड अणूचा असतो, पण निळा बहुतेक ठिकाणी अजूनही जुन्या फ्लोरोसन्सचाच, तीन वॅगनमधला बराच कोळसा फेकून देणारा. जपानच्या क्युशू विद्यापीठात चिहाया अदाची यांनी २०१२ मध्ये धातूविनाच ट्रिप्लेट परत सिंगलेटमध्ये आणण्याची युक्ती काढली तेव्हा जड अणूचे दिवस संपले असे वाटले होते. पण ती परतीची वाट संथ निघाली, आणि तिचा वेग वाढवायला संशोधकांनी रेणूत पुन्हा सेलेनियम घातला. अणुक्रमांक ३४.

निळ्यावरही नागपुरात काम झाले आहे. ढोबळे, तेजो कल्याणी आणि सहकाऱ्यांनी डायफेनिल क्विनोलीन या निळ्या रेणूचे भाऊ बनवले: एकाच जागी एकात मेथॉक्सी, दुसऱ्यात मिथाइल, तिसऱ्यात ब्रोमीन. हेतू निळ्या दिव्याचा होता, आणि ब्रोमीनवालाही निळाच चमकला, चेरीच्या रंगासारखा विझला नाही. ब्रोमीन एकच आहे आणि तोही टोकाच्या कड्यावर, हे त्याचे कारण असावे.

इथल्या कॉलेजातल्या मुलांनी या भावांतले मिथाइल आणि ब्रोमीनवाले दोन एका संध्याकाळी द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून, जांभळा टॉर्च बंद करून पाहावेत, असे मला वाटते. माझा अंदाज असा: मिथाइलवाली नळी टॉर्च बंद केल्यावरही क्षणभर मंद चमकत राहील, कारण तिचा ट्रिप्लेट रेंगाळणारा. ब्रोमीनवाली नळी टॉर्चबरोबरच विझल्यासारखी दिसेल, आणि बघणारा म्हणेल की हिच्यात फॉस्फोरेसन्स नाहीच. क्षणिक उजेड वेगळा पकडणारा, फिरत्या चकतीचा फॉस्फोरोस्कोप लावला तर कळेल की तिनेच जास्त दिला होता, पण डोळ्याला पकडता येण्याआधी देऊन मोकळी झाली होती.